आधी जेव, मग सांगते

आत्ये, तुझी बातमी मीच केली. दुसऱ्या कोणाला दिली असती तर त्याने तुझ्या नावात काहीतरी घोळ घातला असता, म्हणून मीच बसलो. भाट्ये येथील अमुक यांचे अल्पशा आजाराने निधन झाले, त्यांच्या पश्चात एक मुलगा असा परिवार आहे.  रोज अशा सात-आठ करतो, तशीच ही केली. फक्त 'एक मुलगा असा परिवार' वाचताना वाटलं, एकट्या माणसाला परिवार कसं म्हणतात? पण छापायची पद्धत तीच आहे. आणि भाचा काही परिवारात धरत नाहीत.

फोटोची पंचाईत झाली. तुझा तोंड मिटलेला एकही फोटो नाही. बारशातला बघ, हळदीकुंकवातला बघ, तुझा प्रकाश पहिल्यांदा बोटीवर नोकरीला गेला तेव्हा रत्नागिरी स्टेशनात काढलेला बघ. प्रत्येकात तुझा उजवा हात वर आणि तोंड उघडं. पेपराची पानं लावणारा पोरगा म्हणाला, "सर, बोलत नसतानाचा नाही का एखादा?" मी नाही म्हटलं. मग तोच लावला, स्टेशनातला. छापून आल्यावर बघितला तर तू अगदी वाक्याच्या मध्यावर आहेस.

आणि मला माहीत आहे, पेपर हातात घेतला असतास तर काय म्हणाली असतीस. "मेल्या, पहिल्याच वळीत मारलंस मला! जरा दम तरी धरायचा होतास."

रडू आलेलं नाही. येईल, असं सगळे सांगतायत. शेजारची वहिनी तर रोज माझ्या तोंडाकडे बघून जाते, आलं की नाही ते तपासल्यासारखी. दाढ काढून आल्यावर गाल आपला नसल्यासारखा वाटतो ना, तसं सगळं अंग झालंय. जेवतो, ऑफिसला जातो, भाट्याच्या पुलावरून गाडी आपोआप तुझ्या घराकडे वळते आणि मी ती परत फिरवतो. दहावं व्हायचं आहे अजून. तोवर हे लिहून टाकतो. पेपरात काम करणाऱ्या माणसाला दुसरं काय येतं?

आपलं भांडण मिटलंच नाही, आत्ये. म्हणजे तसं रोजचंच होतं ते, पेज वाढता वाढता व्हायचं. पण त्यातलं एक खरं होतं, आणि ते तसंच राहिलं.

रोजचं भांडण वाघरावरून जास्त रंगायचं. आठवतंय ना? त्या वर्षी पाठीमागच्या माडांच्या आगरात बिबट्या आला आणि तू तो बघितलास. मी बातमी केली. 'भाट्ये येथे बिबट्याचे दर्शन, ग्रामस्थांमध्ये भीतीचे वातावरण.' वेळ, ठिकाण, वनखात्याला कळवलं, संपलं. कुणी एका शब्दाने विचारलं नाही. भीतीचं वातावरण फक्त माझ्या बातमीत होतं. वाडीतल्या बायका दुसऱ्या दिवशी आगरात पातेरा, वाळकी पानं, गोळा करायला एकेकट्या गेल्या.

आणि संध्याकाळी तू पडवीत बसलीस. सुरुवात कुठून केलीस? तर दुपारी भाकरी करपली तिथून. मग उन्हं उतरली. मग तू कपडे काढायला मागे गेलीस आणि एक परकर वाऱ्याने खाली पडला होता. मग म्हणालीस, "कोंबड्या गप झाल्या." आणि थांबलीस. समोर बसलेली एक बाई हातातली सुपारी कातरायची थांबली. "एक पण कोंबडी बोलत नव्हती गो. आणि मी आपली परकर झटकत्येय." बिबट्याचं नावही तू शेवटपर्यंत घेतलं नाहीस. 'तो' म्हणत होतीस. तो नुसता बसला होता, माडाच्या बुंध्याशी, मांजर बसतं तसा, आणि तुझ्याकडे बघून त्याने जांभई दिली. एवढंच. पण त्यानंतर महिनाभर वाडीतली एकही बाई एकटी आगरात गेली नाही. मी स्वतः रात्री मागचं दार उघडत नव्हतो, आता सांगायला हरकत नाही.

मी चिडलो होतो. म्हटलं, "अगो, माहिती सगळी मी दिली आणि घाबरले तुझ्या बोलण्याला!"

"तुझा वाघ पहिल्याच वळीत आला," तू म्हणालीस. "मग माणसांनी बघायचं काय? आणि तू सांगतोस कोणाला रे? पेपराला. मी माणसाला सांगत्येय."

मी म्हटलं, "बातमीला परकर कशाला लागतो?" तू म्हणालीस, "लागतो." विषय संपला.

आई गेल्यावर बाबांनी मला शाळेसाठी तुझ्याकडे ठेवलं, तेव्हा वाडीत फोन तुझ्याच घरी होता. तुझ्या यजमानांनी, काकांनी, मुंबईच्या गोदीत नोकरीला असताना कुणाच्यातरी ओळखीने घेतलेला. पडवीत लाकडी खोक्यात असायचा, खोक्याला कुलूप, आणि किल्ली तुझ्या कमरेला. काका वारले, मग फोन तुझा झाला. आणि फोन तुझा म्हणून वाडीतल्या सगळ्या बातम्या मुंबईला कळवायचं काम तुझं झालं. पास-नापास, बारसं, साखरपुडा, आणि ते दुसरं. आनंदाचं सांगायला माणसं स्वतः फोनवर यायची, खोक्यात तोंड घालून ओरडायची. ते दुसरं असलं की पायरीवर येऊन उभी राहायची आणि म्हणायची, "काकी, तूच सांग गो."

तुझी रीत मी लहानपणापासून ऐकली. भिंतीला टेकून अभ्यास करायचो आणि कान तिकडे. आधी विचारायचीस, "जेवलास काय?" जेवला नसेल तर, "आधी जेव, मग सांगते," आणि फोन खाली. मला वाटायचं, हा काय वेळ आहे जेवणाची चौकशी करायचा? एकदा विचारलं तर म्हणालीस, "सांगितल्यावर तो घास घेईल काय? रात्रभर गाडीत बसायचंय त्याला." मग परत फोन. "जवळ कोण आहे?" मग इथल्या पावसापाण्याचं. मग, "अरे, तात्या जरा सिरीयस हायत. निघून या."

सिरीयस म्हणजे गेले. हे सगळ्या कोकणाला माहीत आहे. सांगणाऱ्याला माहीत, ऐकणाऱ्याला माहीत, तिकडे मालकाकडे रजा मागतात त्या मालकालाही माहीत. तरी 'गेले' असं कुणी फोनवर म्हणत नाही.

आणि त्यातून तो वरच्या घरच्या तात्यांचा घोटाळा झाला. तात्या खरोखरचे सिरीयस होते. दवाखान्यात ठेवले होते, डॉक्टरने सांगितलं होतं, मुलांना बोलावून घ्या. तू फोन केलास आणि खरं तेच सांगितलंस. दुसरा शब्द कुठून आणणार? मुलं, सुना, मेव्हणे, दोन गाड्या करून आले. पांढरं कापडसुद्धा तिकडूनच आणलं होतं, इथे मिळेल न मिळेल म्हणून. तोवर तात्यांना उतार पडून घरी आणलं होतं. गाड्या थांबल्या, दारातूनच सुनांनी सूर लावला, आणि तात्या ओटीवर पेज पीत बसलेले. घाबरून उठले आणि म्हणाले, "अरे, कोण गेला रे?"

वाडी आठ दिवस हसत होती. तू मात्र हसली नाहीस. तुझ्या धंद्यातली चूक झाली होती ती. त्यानंतर तू भर घातलीस. माणूस खरंच जिवंत असेल तर सांगायचीस, "सिरीयस हायत, पण बोलतायत." बोलतायत म्हणजे आहेत. घाई करा, पण कापड आणू नका. हळूहळू सगळ्या वाडीने तो शब्द उचलला. मुंबईचे लोक फोनवर पहिलं तेच विचारायला लागले, "बोलतायत ना?" तुझा शब्द तिथपर्यंत गेला होता.

आता ते खरं भांडण.

बाबा गेले तेव्हा मी मुंबईत पेपरात नवीन लागलो होतो. ऑफिसात तुझा फोन आला. "जेवलास काय?" जेवलो होतो. "जवळ कोण आहे?" कोणी नव्हतं. पाऊस कसा आहे ते तू सांगितलंस. आणि मग म्हणालीस, "भाऊ जरा सिरीयस आहे. पण बोलतोय."

बोलतोय म्हणालीस, आत्ये. तुझाच शब्द. तुझ्या रीतीत वाढलेला मी, मला 'सिरीयस'ने कळलं असतं. पण तू 'बोलतोय' म्हटलंस आणि मी विश्वास ठेवला. रात्रभर एसटीत बसून मी ठरवत होतो, मुंबईत कुठल्या डॉक्टरला दाखवायचं, ऑफिसातून किती रजा मिळेल, खोलीवर बाबांची खाट कुठे लावायची. पहाटे हातखंब्याला उतरलो. आमचं घर तिथून जवळच. चहावाला ओळखीचा, त्याने कप पुढे केलान आणि म्हणाला, "वाईट झालं. काल दुपारीच ना? तुझ्यासाठी थांबलेत सगळे." कप हातात घेऊन मी त्याला विचारलं, "कोणासाठी?"

तुझं सगळं सांगणं त्या माणसाने एका वाक्यात मोडलं. त्याचा राग नाही आला मला, तुझा आला. घरी आलो तेव्हा तू बाबांच्या उशाशी बसली होतीस. मी बाबांकडे बघायच्या आधी तुझ्याकडे बघितलं.

तेराव्यानंतर मी विचारलं. चांगला ओरडलो, तू भाकरी थापत होतीस. म्हटलं, "अख्ख्या वाडीला तू सिरीयस सांगतेस, मलाच का खोटं सांगितलंस? मी बाबांची खाट लावत आलो रात्रभर!"

तू भाकरी उलटलीस. "बाकीचे जथ्याने येतात," म्हणालीस. "तू एकटा येणार होतास."

"म्हणून खोटं?"

"रात्रभर तुला बाप होता ना रे? मला दुपारपासून भाऊ नव्हता. आणि फोन तरी मलाच करायचा होता."

  मला ते पटलं नाही. पुढे इतकी वर्षं झाली, मी मुंबई सोडून इथल्या पेपरात आलो, रोज तुझ्याकडे जेवायला येत राहिलो, आणि एकदाही तो विषय आपण काढला नाही. माझं म्हणणं होतं, खरं ते पहिल्या ओळीत सांगावं, सरळ. माणसाचा तो हक्क आहे. तुझं म्हणणं काय होतं, ते तू कधी असं मांडलं नाहीस. तू फक्त सांगत राहिलीस, प्रत्येकाला त्याच्या त्याच्या तऱ्हेने.

मला वाटायचं, एकदा निवांत बसून बोलू. राहिलं ते.

तुझ्या हॉस्पिटलातल्या दिवसांत प्रकाशला रोज मीच कळवत होतो. त्याची बोट तिकडे कुठे आफ्रिकेच्या बाजूला, जमीन लागायला बरेच दिवस. बोटीवर वायफाय येऊन जाऊन. तू गेलीस त्याच्या आदल्या संध्याकाळी फोन लागला तेव्हा त्याने पहिलं तेच विचारलं, "बोलत्येय ना?" मी म्हटलं बोलत्येय. तो म्हणाला, "खरंच? की मामांसारखं?" तेव्हा मी फोन सरळ तुझ्या कानाला लावला. तू त्याला शेजारच्या खाटेवरच्या बाईची गोष्ट सांगायला लागलीस, तिची सून डब्यात रोज काय काय आणते आणि मुलगा ते स्वतःच कसा खातो. अर्ध्यावर रेंज गेली. तू तरी पुरी केलीस, मला सांगून.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुला घरी आणलं होतं. वाडी जमलेली, दारापुढच्या खळ्यात बांबू बांधून तयार. ऊन तापलं होतं. प्रकाशच्या कंपनीच्या ऑफिसात मी कळवलं होतं. तिथला माणूस भला होता, म्हणाला, आम्ही कॅप्टनला मेल करतो, कॅप्टन त्याला केबिनमध्ये बोलावून सांगतील, तशी पद्धत आहे. मी म्हटलं, नको, मी सांगतो. का नको म्हटलं ते तेव्हा कळलं नव्हतं. इंग्रजीत कोणीतरी त्याला तू गेल्याचं सांगणार, एवढंच डोळ्यांपुढे आलं.

अण्णा मागे येऊन उभे राहिले. वाडीत आता वडीलधारे तेवढेच. "बाबू, आवर रे. अग्नी कोण देणार ते ठरवायला हवं. प्रकाशला विचारल्याशिवाय कसं करायचं? कळवलंस काय त्याला?"

मी फोन घेऊन घरामागे पाण्याच्या टाकीशी गेलो. वाक्य तयार होतं. प्रकाश, आत्या आज सकाळी गेली. पहिल्याच ओळीत सगळं. येता येता दोनदा म्हणूनही बघितलं होतं. कितीतरी वेळाने फोन लागला. मागे इंजिनाची घरघर. "हां बाबू, बोल," तो म्हणाला.

मी म्हटलं, "जेवलास काय?"

कसं आलं तोंडात, देवाला माहीत. उभ्या जन्मात मी प्रकाशला जेवलास का विचारलेलं नाही. आम्ही एकमेकांना तसले प्रश्न विचारत नाही.

 त्याच्याकडून इंजिन तेवढं ऐकू येत होतं. मग म्हणाला, "नाय. ड्युटीवरून आत्ताच उतरतोय."

"मग जेव आधी. मी थांबतो."

"बरं," म्हणाला. का, काय, काही विचारलं नाही. फोन ठेवलान.

मी पुढे आलो. अण्णांनी मानेनेच विचारलं. मी म्हटलं, "जेवतोय तो." आत्ये, तुझ्या त्या खळ्यात पन्नास एक माणसं उन्हात उभी होती. कोणाला कामावर जायचं होतं, कोणाची होडी लागली होती. माझ्या ऑफिसातले दोघे शहरातले होते, ते एकमेकांकडे बघायला लागले. पण वाडीतलं एकही माणूस 'म्हणजे काय' म्हणालं नाही. अण्णा खाली बसले, मग एकेक जण बसला. कोणीतरी पाण्याची कळशी फिरवली. सगळी वाडी प्रकाश जेवून होईस्तोवर थांबली. तू आत झोपली होतीस.

फोन त्याचाच आला. मी परत टाकीशी गेलो.

"जेवलो," म्हणाला.

"काय होतं?"

"डाळ-भात. मासा होता, घेतला नाय."

मासा समोर असताना प्रकाशने घेतला नाही.  तो म्हणाला, "सांग आता."

"कुठून सांगू?"

"सकाळपासून. तिच्यासारखं सांग. सावकाश."

मला येत नाही गो ते. कधी केलंच नाही. तरी सांगायला लागलो. म्हटलं, सकाळी नर्स आली आणि तिने खिडकीचा पडदा सरकवला. आत्या तिला म्हणाली, तुझी वेणी वाकडी झाल्येय, ये इकडे, घालून देते. प्रकाश म्हणाला, "हां." मी म्हटलं, नर्स हसली, पण खरंच खाटेशी येऊन पाठमोरी उभी राहिली. आत्याने हात वर केलान, पण पोचत नव्हता, तेव्हा तिला म्हणाली, जा, उद्या धुऊन ये, मग घालते. "हां," प्रकाश म्हणाला. मग शेजारच्या बाईच्या डब्यात काय आलंय ते विचारलंन. घावणे होते. "हां." मग मला म्हणाली, बाबू, चहा आण रे, साखरेचा. किती दिवसांत साखरेचा चहा नाय घेतला.

"आणि तू आणायला गेलास?"

"आधी नाय म्हटलं. डॉक्टर ओरडतील म्हटलं. तर म्हणाली, डॉक्टरला मी सांगते काय ते."

तो हसल्यासारखा आवाज आला. मी सांगत राहिलो. जिना सांगितला, खालची टपरी सांगितली, तिथे कोण कोण उभं होतं ते सांगितलं, टपरीवाल्याने दूध नवीन पिशवीतलं घातलं तेही सांगितलं. आयुष्यभर जे सगळं मी दुसऱ्यांच्या बातम्यांतून कापत आलो, ते सगळं घातलं. आणि मला समजत होतं, मी सांगतोय तोवर तू त्याच्यासाठी खाटेवर बसून चहाची वाट बघत होतीस. टपरीपासून तुझ्या खोलीपर्यंत जितकं लांबवता येईल तितकं मी लांबवलं. पण जिने किती चढणार? शेवटी म्हटलं, "कप घेऊन मी वर आलो." आणि अडलो. पुढचं वाक्य आलंच नाही.

 प्रकाश अगदी सरळ आवाजात म्हणाला, "बाबू, अग्नी तू दे. अण्णांना सांग, मी सांगितलंय म्हणून."

"बरं."

"तिच्या अंगावर ती हिरवी साडी घाला. ट्रंकेत वरतीच असेल."

"घातल्येय. वहिनीने काढलीन."

"बरं केलंन."  मला वाटलं, आता फोन ठेवेल. तर म्हणाला, "आता पुढचं सांग. चहा दिलास?"

"दिला."

"प्यायली?"

आत्ये, ही एवढी वर्षं मी पेपरात काढली. बाहेरून आलेल्या बातमीत जागेचं नाव जरी चुकलं तरी मी पोरांना धारेवर धरतो. आणि त्या टाकीला पाठ टेकून मी म्हटलं, "प्यायली. बशीत ओतून प्यायली. आणि काय म्हणाली माहित्येय? साखर कमी घातल्येयस मेल्या."

तो रडायला लागला. रडता रडता हसत होता. "असंच म्हणणार ती," म्हणत होता, "असंच म्हणणार." मी ऐकत होतो. रडून झाल्यावर तो म्हणाला, जा तू आता, माणसं थांबली असतील. मी पुढे गेलो आणि अण्णांना म्हटलं, चला.

मी वर आलो तेव्हा नर्स तुझ्या खाटेभोवतीचा पडदा ओढत होती. तिने मला आत जाऊ दिलं नाही. कप हातात घेऊन मी बाहेर बाकावर बसलो. चहा गार झाला, मग बेसिनमध्ये ओतला. साखर कमी नव्हती, आत्ये. खाली टपरीवर मी चाखून बघितली होती.